प्रति, श्री. टाइप-सी अडॅप्टर

श्री. टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटर अडॅप्टर यांस,
मुक्काम पोस्ट बहुधा गादीखाली, ता. पाटण, जि. सातारा.



पत्रास कारण की, आपल्या कृपेने एका अभंगात टकटक शिरली आहे आणि ती आता कोणाच्याही बापाला काढता येत नाही.

झाले ते असे. पाटणच्या एका भजनी मंडळाने गणेशोत्सवासाठी अभंग ध्वनिमुद्रित करायला घेतला. स्टुडिओ गाठायचा तर कराड नाहीतर कोल्हापूर, तिथे पैसे तासावर, आणि गाणाऱ्या अण्णांचा आवाज लागतो तो पहिला चहा होऊन तास उलटल्यावर. त्यापेक्षा तबलजीकडे टॅब्लेट होता. त्यात फुकटचे ॲप. आधी तबला भरायचा, त्यावर पेटी, शेवटी गायन. गाणाऱ्याला आधीचे वादन आणि लयीची टकटक ऐकू तर यायला हवी, पण फक्त त्याच्या कानात. बाहेर आली की माइक तीही टिपतो. एवढ्या एका कामासाठी बाजारपेठेतून आपल्याला मानाने घरी आणले गेले. पंखा बंद, दार बंद, पोरे अंगणात. अण्णांनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

असे गायले, की तबलजी बघतच राहिला. टकटक खोलीत ऐकू येत होती, पण त्याला वाटले, अण्णांना कमी ऐकू येते म्हणून हेडफोन मोठा ठेवलाय, त्यातून झिरपत असेल. प्रत्यक्षात आपण टॅब्लेटला स्वतःची ओळखच करून दिली नव्हती. टॅब्लेटच्या लेखी त्याच्या तोंडात कोणीच नव्हते. त्याने सगळा आवाज निमूटपणे स्पीकरवर सोडला, माइकने तो निमूटपणे टिपला. प्रत्येक अंतऱ्याला टकटक. अण्णा मात्र खूश, कारण त्यांना हेडफोन घालूनही सगळे ऐकू आले होते; म्हणजे हेडफोनमधून नव्हे, बाहेरून.

दुसऱ्या दिवशी आपल्याला दुकानात परत नेले. दुकानदाराने आपल्याला स्वतःच्या मोबाइलला लावले आणि गाणे सुरू केले. वाजले. खणखणीत वाजले. ‘चालू आहे की,’ म्हणून पाकीट परत हातात. त्या माणसाचे काही चुकले नाही, हीच खरी चीड आणणारी गोष्ट.

कारण, अडॅप्टरसाहेब, आपण दोन आहात. तोंड तेच, शेपूट तीच, रंगही तोच. आपल्यातला एक म्हणजे नुसती तार. काही अँड्रॉइड मोबाइल टाइप-सीच्या तोंडातून आवाजाचा तयार संकेत बाहेर सोडतात. एरवी माहिती वाहणाऱ्या दोन टोकांवरून डावा आणि उजवा कान चालवतात. तिथे तार पुरते. दुसऱ्याच्या पोटात चिप असते, तिचे नाव डीएसी. टॅब्लेटमधून आकडे येतात, ती त्यांचा आवाज करते. आयपॅडला, तसा मंडळाच्या टॅब्लेटलाही, हा दुसराच लागतो, पहिला लावला की तो ढिम्म. आणि पाकिटावर काय लिहिलेले असते? ‘हाय-फाय’. ‘प्रीमियम’. सोन्याचा मुलामा. एका हसऱ्या गोऱ्या मुलीचा फोटो. आत चिप आहे की तार, या दोन शब्दांना मात्र जागा नाही. औषधाच्या पट्टीवर औषधाचे नाव सोडून बाकी सगळे छापावे, तसला हा प्रकार. बाकीची सगळी पापे माफ करता येतील, हे नाही. ज्याला साऱ्या दुनियेत फक्त एकच गोष्ट विचारायची आहे, त्याला ती सोडून बाकी सगळे सांगायचे, याला धंदा म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

इतर तक्रारी थोडक्यात. ब्लूटूथ वापरा, असे सांगणारे भेटतात. आवाज 200 मिलिसेकंद उशिरा आला तरी गाणी ऐकताना कळत नाही. पण मिनिटाला 300 मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्राच 200 मिलिसेकंदांची, म्हणजे टॅब्लेटवर वाजवलेली सम कानात दुसऱ्या मात्रेला येणार. तारेवर हाच उशीर 10 मिलिसेकंदांवर आणता येतो, साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज पोहोचायला लागतो तितका. शिवाय आपण एकदा त्या एकुलत्या एक तोंडात बसलात की चार्जिंग बंद. एका अंगाला 1,960 मेगावॉटचा कोयना प्रकल्प, दुसऱ्या अंगाला वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या, आणि मधे मंडळाचा टॅब्लेट चार टक्क्यांवर धापा टाकतोय, कारण वीज आत घ्यायला जागा नाही. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर माइक आणि अर्थिंग कोणत्या कड्याला जोडायचे याच्या दोन वेगवेगळ्या पद्धती जगात चालत आल्या. त्याबद्दल इथे न बोललेलेच बरे.

आता थोडे शांतपणे. आपल्याला शिव्या घालताना एक प्रश्न पडतो: आपल्याला या जगात आणले कोणी?

साडेतीन मिलिमीटरचे भोक ट्रान्झिस्टरच्या काळापासून आहे, 1979 च्या वॉकमनने ते घरोघरी नेले. त्याचा थोरला भाऊ, गिटारची जाडी पिन, त्याहून जुना. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला. गोरिलाझ या बँडने 2010 च्या अमेरिका दौऱ्यात बराचसा आयपॅडवर रचलेला ‘द फॉल’ हा अल्बम त्याच वर्षी काढला, 2011 मध्ये गॅरेजबँड हे ध्वनिमुद्रणाचे ॲप आयपॅडवर आले, तेव्हा त्या यंत्राला भोक होते. मग सप्टेंबर 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून ते काढले आणि कंपनीचे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर यांनी मंचावरून या कृतीला धैर्य म्हटले. धैर्य त्यांचे, हेलपाटे पाटणकरांचे. 2018 मध्ये आयपॅड प्रोचे भोक गेले, 2019 मध्ये सॅमसंगच्या टॅब एस 6 चे, ऑक्टोबर 2022 मध्ये ॲपलच्या साध्या आयपॅडच्या नव्या पिढीचेही. म्हणजे ज्याला प्रो परवडत नाही, त्याचेही.

जागा नव्हती म्हणावे, तर तो आयपॅड 7 मिलिमीटर जाड. हीच कंपनी 6.1 मिलिमीटरचा आयपॉड टच भोकासकट विकत होती, त्याच वर्षीच्या मेपर्यंत! आणि 2021 च्या मॅकबुक प्रोमध्ये तर हेच भोक सुधारून दिले, स्टुडिओतले जास्त ताकद मागणारे हेडफोनही चालावेत म्हणून. म्हणजे भोकाची किंमत त्यांना चांगली कळते. ते महागड्या लॅपटॉपवाल्याला द्यायचे आणि टॅब्लेटवर अभंग करणाऱ्याला दुकानात पाठवायचे, एवढाच हिशेब.

त्या भोकामागे टॅब्लेटच्या पोटात जे सगळे बसलेले असायचे, ते त्यांनी आपल्या डोक्यावर दिले. आकड्यांचा आवाज करणे, तो हेडफोन हलवेल इतका मोठा करणे, माइक असेल तर त्याच्या आवाजाचे पुन्हा आकडे करणे. आणि हे सगळे करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये. आयफोनच्या खोक्यात आपल्या लायटनिंग तोंडाच्या भावाला सुरुवातीला फुकट घालत, 2018 मध्ये तेही थांबवले. काम यंत्राचे, हमी कोणाची नाही. वायर बारीक, मान नाजूक, आणि वाकली की बोलणी आपल्यालाच. खरे तर दया यावी अशी आपली नोकरी आहे.

इथून दीडशे किलोमीटरच्या आत मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी उतरली की तो मिरजेला न्यायचा, कारागीर घोडीचा माथा घासून पुन्हा बोलता करतो, आणि हे कित्येकदा करता येते. आपली मान गेली तर? पाटणच्या मोबाइल दुकानातला पोरगा भिंगाखाली चार्जिंगचे अख्खे तोंड बदलून देतो, त्याच्या हातात कला आहे. पण आपल्याला तो उघडूच शकत नाही. रबर ओतून बंद केलेले. उघडले की फेकायचे.

तेव्हा आपल्या मालकांना एवढे कळवावे: पाकिटावर ‘डीएसी आहे’ किंवा ‘डीएसी नाही’ असे छापावे. मराठीत छापले नाही तरी चालेल. त्या हसऱ्या मुलीच्या कपाळावर छापले तरी चालेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
टकटक ऐकून ऐकून कंटाळलेले एक भजनी मंडळ

ता. क. डीएसीवाला आपला भाऊ कराडहून आणला आहे. चालतो. सध्या त्याच्यातून एकाच कानात ऐकू येते, पण वायर खिडकीच्या बाजूला तिरकी धरली की दोन्ही कानांत येते. धरायला अण्णांचा नातू बसवला आहे.