आधी सलाइनला चीत करा

गादी झिजली, वंगण संपलं, गॅप कमी झाला, ही मराठी घरांतली नित्याची वाक्यं ऐकून कोलॅजेनच्या इंजेक्शनचा विक्रेता सद्गदित होत असणार. त्याचं निम्मं काम रुग्णानंच करून ठेवलेलं असतं. कूर्चा कोलॅजेनची, कोलॅजेन सिरिंजमध्ये, सिरिंज गुडघ्यात. झिजलं ते भरलं, प्रश्न मिटला. या हिशेबात खोडा घालते ती एकटी कूर्चा. तिला रक्तवाहिन्या नाहीत, पेशी मोजक्या. आणि एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीला सांगून ठेवलं आहे. तिच्यातलं कोलॅजेन मुख्यतः दुसऱ्या प्रकारचं, ठरावीक विणीत बसवलेलं. इंजेक्शनमधलं बहुधा पहिल्या प्रकारचं, डुकराच्या किंवा गुरांच्या कातडीतून काढून, ॲलर्जी टाळण्यासाठी रेणूची टोकं छाटलेलं. उपासाला चालतं की नाही म्हणून पुडीवरचं बारीक अक्षर वाचणारं घर इथे मात्र कातडं कुणाचं, हे विचारत नाही. आणि हा पाहुणा सांध्यात शिरताच मुकाट्यानं विणकामाला बसेल, यावर विश्वास ठेवायला विज्ञानापेक्षा श्रद्धाच जास्त लागते.

कोलॅजेन टोचून घेणं तसं नवं नाही. अमेरिकेत 1981 मध्ये गुरांच्या कोलॅजेनला चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरायची परवानगी मिळाली. काही महिन्यांत ते विरायचं, पुन्हा टोचावं लागायचं. दरम्यान कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलेलं हायलुरोनिक आम्ल 1997 मध्ये तिथेच गुडघ्यात पोचलं. पुढे याच आम्लानं चेहऱ्यावरून कोलॅजेनला हुसकावलं, आणि आता कोलॅजेन गुडघ्यात त्याची जागा मागतं आहे. या आम्लाचं गुडघ्यात काय झालं? 2022 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं 169 चाचण्यांचा, 21 हजारांहून अधिक रुग्णांचा ताळेबंद छापला. प्लासिबोच्या, म्हणजे औषधाविना दिलेल्या लटक्या उपचाराच्या, तुलनेत वेदना कमी झाल्या, पण इतक्या किंचित की रुग्णाला फरक जाणवू नये; गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले. आता कोलॅजेनच्या बाजूनं ‘हायलुरोनिक आम्लाइतकंच गुणकारी’ असा निकाल अभिमानानं पुढे केला जातो. आधीच चीत झालेल्या पैलवानाशी कुस्ती बरोबरीत सोडवायची आणि गदा खांद्यावर टाकून गावभर मिरवायचं, असा हा पराक्रम.

‘पण लोकांना फरक पडतो की!’ अगदी खरं, आणि म्हणूनच सलाइनचा जाहीर सत्कार व्हायला हवा. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांपैकी काहींच्या गुडघ्यात त्यांच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव टोचला, बाकीच्यांच्या गुडघ्यात नुसतं सलाइन. वर्षभरानं दोन्ही गटांना आराम होता, आणि तो जवळपास सारखाच. सांधेदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस दवाखान्यात जातो तो भरतीला, पुढच्या ओहोटीचं श्रेय सुईला जातं. त्यात सुईचा प्लासिबो गोळीच्या प्लासिबोपेक्षा सरस ठरतो, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. ह्यूस्टनमध्ये तर काही रुग्णांच्या गुडघ्यावर नुसत्या चिरा देऊन टाके घातले. दुर्बिणीतून खरोखर सफाई केलेल्यांपेक्षा दोन वर्षांनंतरही ते मागे नव्हते. हा निकाल 2002 मध्ये छापून आला.

जाणकार वाचक म्हणेल, दक्षिण कोरियात कोलॅजेननं सलाइनला हरवलं आहे. हो, पण काही महिन्यांच्या सामन्यात आणि वेदनेच्या गुणांवर. दुखणं कमी होणं वेगळं, ऊती दुरुस्त होणं वेगळं. जाहिरातीत मात्र दुसऱ्याचंच चित्र असतं. हायलुरोनिक आम्लाच्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्याही अशाच गोड होत्या. मोठ्या, काटेकोर चाचण्या आल्या तसा गोडवा ओसरला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कूर्चेची दुरुस्ती अशक्य नाही. स्वीडनमध्ये रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून पुन्हा बसवल्या गेल्या, ते काम 1994 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि कोलॅजेनची जाळी त्या पेशींना धरून ठेवायला आजही उपयोगी पडते. पण ते शस्त्रक्रियेचं काम, बहुतांशी तरुण आणि एरवी धडधाकट गुडघ्यातल्या एखाद्या ठरावीक जखमेसाठी. साठीतल्या, चहूबाजूंनी झिजलेल्या सांध्याला त्याच संशोधनाचा दाखला चिकटवणं म्हणजे भावाच्या गुणपत्रिकेवर आपण प्रवेश मागणं.

‘मग वाटी बदलायची वेळ येईपर्यंत करायचं काय?’ मांडीचे स्नायू बळकट करायचे आणि वजन उतरवायचं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, हे 2005 सालीच मोजून झालं आहे. या उपचाराची अडचण एकच: त्याचा प्रतिनिधी बॅग घेऊन दवाखान्यात बसत नाही, कारण त्याला कमिशन देणार कोण? 2017 मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीला लगाम घातला. त्याच धर्तीवर सांध्यात टोचायच्या प्रत्येक इंजेक्शनच्या खोक्यावर एक रकाना सक्तीचा करावा: ‘सलाइनपेक्षा किती सरस, किती महिने?’ आणि तो रकाना कोरा असेल, तर किंमतही सलाइनचीच छापावी.