गप्प बसण्याचा अभ्यासक्रम

आमचे चिरंजीव गेम डिझाइन शिकतात. "म्हणजे दिवसभर गेम खेळतो का?" असं नातेवाईक विचारतात. तसं असतं तर निदान एकाच्या तरी वाट्याला मजा आली असती. प्रत्यक्षात तो बनवतो आणि खेळावं लागतं आम्हाला.

पहिल्या प्रोजेक्टची कल्पना दणदणीत होती. अख्खा सह्याद्री, झाडून सगळे गड, घोडदळ, वर धो धो पाऊस. सरांनी फक्त मुदत किती ते विचारलं. मग सह्याद्रीचा एक गड झाला, गडाचा एक बुरूज झाला आणि शेवटी उरला बुरुजाचा जिना. तो चढणारा मावळा म्हणजे एक राखाडी ठोकळा. "आधी उडी जमू दे, मिशा नंतर," असं त्याचं शास्त्र.

त्या उडीत मात्र बरंच काही असतं. काठावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा हिस्सा वगैरे उडी मारू देतात, म्हणजे खेळणारा चिडत नाही. याला 'कायोटी टाइम' म्हणतात. वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला ही सवलत का नाही, हे मला कुणी सांगावं.

जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच पायरीच्या नकला होत्या. मी भुवया उंचावल्या, तर त्याने 1985 सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा दाखला दिला. त्यातली झुडपं म्हणजे हिरवे रंगवलेले ढगच. अख्खा खेळ 40 केबीत बसवायचा होता ना! हे ऐकून आमच्या मातोश्रींना जपानी लोकांबद्दल एकदम आदर वाटला. जुन्या साडीच्या गोधड्या शिवणाऱ्या बाईला हे पटणारच.

म्हणून प्लेटेस्टिंगला त्यांनाच बसवलं. नियम एकच: खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, वाट खेळानेच दाखवायची. मारिओ सुरुवातीला पडद्याच्या डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून माणूस आपोआप उजवीकडे जातो. एक अक्षर लिहावं लागत नाही. आमच्या मातोश्री, म्हणजे चिरंजीवांच्या आजी, डावीकडे गेल्या. तिथे भिंत. भिंतीला धडका देत म्हणाल्या, "इथे काहीतरी असणारच. उगाच कोण भिंत बांधतं?"

गाडी मागे घेणाऱ्या परक्या माणसालाही "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारं आमचं घर. बायकोने तोंडाला पदर लावला. मी सुपारी चघळली. चिरंजीवांनी वहीत लिहिलं: "आजी भिंतीपाशी अडकली. दोष भिंतीचा." दुसऱ्या दिवशी उजवीकडे एक मशाल लागली आणि भिंतीमागे खरोखरच एक मोहोर पुरली गेली.

पुण्यातल्याच मंडळींनी 'राजी' नावाचा गेम केला, 2020 साली तो जगभर गेला. त्यामुळे नातेवाईकांसमोर आता माझी बाजू भक्कम असते. पण नोकरी देणारे म्हणे दहा अर्धवट सह्याद्री बघत नाहीत. एक पुरा झालेला जिना बघतात.

जिना पुरा झाला तो आजींच्या शेवटच्या शेऱ्याने: "सारखी पडते रे मी. कठडा लाव." कठडा लागला. सरांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं आणि हे सुचलं कसं म्हणून विचारलं. चिरंजीव गंभीरपणे म्हणाले, "यूजर रिसर्च, सर."

आजींनी मानधन मागितलंय. भिंतीमागची मोहोर त्या स्वीकारायला तयार नाहीत.