इन्स्टॉलकर

वायरमन आणि बोअरची मोटर काढणारा तर प्रत्येक गावात असतोच. आता त्यांच्या रांगेत इन्स्टॉलकर येऊन बसला आहे. हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. आणि तो कुणी दिलेला नसल्यामुळे कुणाला काढूनही घेता येत नाही. आमच्या भैंशात असे दोघे-तिघे सहज सापडतील, नांदेडात गल्लीला एक. वय बाविशीच्या पुढं, बॅग एकाच खांद्यावर. अक्षराभ्यास बासरच्या सरस्वतीपुढं झालेला, पायथनचा अभ्यास हैदराबादेत अमीरपेटला. अमीरपेटहून परतताना बाकीची पोरं नोकरी घेऊन येतात. हा काळी खिडकी घेऊन आला.

काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. तिथं माऊसचं काही चालत नाही, एवढ्यानंच बघणाऱ्याचा धीर सुटतो आणि इन्स्टॉलकराला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो आधी बोटं मोडतो, मग अक्षरं हिरवी करून घेतो (गरज काडीची नसते), आणि मग टाइप करतो: पिप इन्स्टॉल पांडाज. बस. पिप म्हणजे पायथनची पॅकेजं आणून बसवणारं अवजार; पुढचं सगळं तेच करतं, पण इन्स्टॉलकर पडद्याकडे असा बघत राहतो, जणू त्याची नजर हलली तर डाउनलोड थांबेल.

पांडाज काही एकटं येत नाही. कापसाची गाडी मोंढ्यात शिरली की तोलारी, हमाल, मुनीम न बोलावता जसे भोवती जमतात, तसं त्याच्यामागून नमपाय येतं, डेटयुटिल येतं, आणि डेटयुटिलच्या मागून सिक्स. हे सिक्स पायथन दोन आणि पायथन तीन यांच्यात समेट घडवायला जन्माला आलं. पायथन दोनचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला संपला; सिक्स अजून येतंच आहे. परगावचे लोक यावर हसतात. आमच्याकडचे म्हातारे हसत नाहीत. आमचा मुधोळ तालुका १९५६ साली नांदेडातून काढून आदिलाबादला जोडला, २०१६ साली निर्मल जिल्हा वेगळा निघाला, तरी सोयरीक जुळवायची म्हटलं की माणसं अजून नांदेडचीच गाडी धरतात.

गिऱ्हाईक बहुधा इंजिनिअरिंगचं पोर, आणि प्रोजेक्ट दाखवायचा तो उद्या.

"दादा, पिप टाकलं तर 'इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' नाही म्हणायलंय."

"पायथन टाकताना पाथला टिक केलतास का?"

"कोणती टिक?"

विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच पडद्याच्या तळाशी पाथचा एक लहानसा चौकोन असतो. आपण होऊन तो रिकामाच असतो आणि घाईत कुणी तिकडं बघत नाही; मग विंडोजला पिप सापडत नाही. या एका चौकोनावर इन्स्टॉलकराची गावातली निम्मी इज्जत उभी आहे. पैसे तो घेत नाही. एक चहा आणि चारचौघांत मारलेली 'दादा' ही हाक, एवढ्यावर त्याचं भागतं.

त्याला काहीच येत नाही असं मात्र म्हणू नये. प्रोग्रॅममध्ये सीव्हीटू लिहायचं पण मागवताना ओपनसीव्ही-पायथन मागवायचं, पीआयएल हवं असेल तर पिलो म्हणायचं, हे त्याला झोपेत विचारा. शिवाय नावातलं एक अक्षर चुकलं तर त्या चुकीच्याच नावानं एखाद्या भामट्यानं आपलं पॅकेज मुद्दाम मांडून ठेवलेलं असू शकतं, हेही तो जाणतो. "हळू टाइप कर बे," असं पोरांना सांगताना त्याच्या आवाजात खरी काळजी असते.

विंडोजऐवजी उबुंटू समोर आलं की मात्र ही काळजी कुठं जाते कळत नाही. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटू यांनी आपल्या पायथनमध्ये पिपला हात घालू द्यायचं बंद केलं. तुझं वेगळं व्हीएनव्ही, म्हणजे पॅकेजांचं स्वतंत्र घर, कर आणि त्यात काय तो गोंधळ घाल, असं ते नीट समजावून सांगतात. तरीही हट्टच असेल तर कमांडला एक शेपूट जोडावं लागतं: ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस. म्हणजे मोडलं तर तूच मोडलंस, हे तुझ्याच हातानं लिहून घेतात. इतका प्रांजळ कारभार मी सरकारी कागदातसुद्धा पाहिलेला नाही. इन्स्टॉलकर ते शेपूट जोडतो, वर पुढं सुडो लावतो, आणि काही बिघडलंच तर मालकाला गंभीरपणे सांगतो, "अण्णा, तुमची मशीन जुनी झाली."

त्याचा खरा शत्रू म्हणजे 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. हवं ते आधीच बसलेलं आहे, हे वाचून कुणीही खूश होईल. याचा चेहरा पडतो. मग तो आधी ते अनइन्स्टॉल करतो.

चहाच्या टपरीवर त्याची ठरलेली कथा लेफ्टपॅडची. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरनं नावाच्या भांडणात चिडून आपली सगळी पॅकेजं एनपीएम नावाच्या कोठारातून उचलली. त्यातलं एक जेमतेम ११ ओळींचं, शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारं. ते गेलं आणि काही तास जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोजेक्ट अडकले. "म्हणजे बघा," तो कपातली साखर ढवळत म्हणतो, "लिहिणारे दोन-चार. बाकी सगळी दुनिया आपल्यासारखी इन्स्टॉल करणारी." त्याच वर्षी ऑक्टोबरात आमचा अख्खा जिल्हा बदलला, पण कुठं काही अडकल्याची बातमी नाही.

दीड जीबीचा रोजचा डेटा रात्री बारानंतर नव्यानं सुरू होतो, तेव्हा तो स्वतःसाठी टेन्सरफ्लो उतरवतो, पुढच्या रात्री पायटॉर्च. लॅपटॉपवर व्हीएनव्ही, व्हीएनव्ही-न्यू आणि व्हीएनव्ही-फायनल अशी तीन घरं मांडलेली. त्यानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम विचाराल तर एक आहे. तो 'हॅलो वर्ल्ड' म्हणतो, आणि तोही सगळं नीट बसलं का ते बघण्यापुरता.

परवा धर्माबादहून पाहुणे आले. पोहे झाले, ओळखी निघाल्या, मग मुलीच्या मामांनी मुद्द्याला हात घातला, "काय करता?"

"इन्स्टॉलेशनचं बघतो," तो म्हणाला. वडिलांनी मान खाली घातली.

मामा मात्र खुलले. "बरं झालं भेटलात! आमच्याकडं दीड टनाचा एसी चैत्रापासून खोक्यात पडून आहे. कंपनीचा माणूस यायलाच तयार नाही."

इन्स्टॉलकरानं क्षणभर विचार केला.

"व्हर्जन कोणतं आहे?"