पाय धरणारे आजोबा

कोथरूड, डोंबिवली, विलेपार्ले अशा ठिकाणी हल्ली आजोबांची एक नवी जात आढळते. ‘या घरात जनावर येणार नाही’ असं सहा वर्षांपूर्वी ज्यांनी ठणकावलं होतं, तेच हे. नातवाच्या वाढदिवसाला ऑस्कर नावाचा गिनी पिग आला, पुढे नातू दहावीच्या क्लासला लागला, आणि पिंजरा सरकत सरकत आजोबांच्या पलंगाशेजारी येऊन स्थिरावला. या प्राण्याचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचं. म्हणजे सहा वर्षांचा ऑस्कर हा पिकलं पानच. आजोबा अवघे बहात्तर. “तसा तो मला वडीलधारा,” असं म्हणत ते रोज सकाळी त्याचे पाय धरतात.

धरतात ते तपासायला. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. एकूण नखं चौदा. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे तेरा भरली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हातारपणी हिंडणं-फिरणं कमी होतं, नखं झिजत नाहीत, वाढून वळतात आणि पाऊल वाकडं पडायला लागतं. म्हणून रविवारी नखांचा मुआयना असतो. टॉवेलात गुंडाळलेला ऑस्कर आजीच्या मांडीवर, टॉर्च सुनेच्या हातात. नखाच्या आत रक्तवाहिनी असते आणि काळ्या नखात ती काही केल्या दिसत नाही. चुकून कापली गेलीच तर दाबून धरायला शेजारी वाटीत कॉर्नफ्लोअर. त्या घरात मंचुरियन फार दिवसांत झालेलं नाही.

मध्यंतरी ऑस्करच्या मागच्या तळव्यांवरचे केस गेले आणि कातडी लाल दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, पिंजऱ्याचा जाळीचा तळ, ओला भुसा आणि वाढलेलं वजन. वेळेवर आणलंत, नाहीतर जखम होऊन हाडापर्यंत गेली असती. त्याच दिवशी जाळी गेली आणि आजोबांची फ्लीसची शाल अंथरली गेली. स्वयंपाकघरातला वजनकाटाही गेला. आता ऑस्करचं वजन दर सोमवारी वहीत चढतं, आणि आजी पीठ अंदाजाने घेते.

क जीवनसत्त्व हा आजोबांचा खास विषय. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही. कमी पडलं की जखमा भरत नाहीत, सांधे दुखतात. 1907 साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी स्कर्व्हीचा अभ्यास गिनी पिगवरच केला, हे त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना सांगितलं. रोज ढोबळी मिरची ऑस्करला. दूर्वा देणारा फुलवाला यांना फार मोठे गणेशभक्त समजतो.

ऑस्करला खाज सुटली तेव्हा शेजाऱ्यांनी कडुलिंब, करंजेल, गोमूत्र सगळं सुचवलं. आजोबांनी एकाचंही ऐकलं नाही. कातडीत शिरणाऱ्या किड्यांनी हा प्राणी इतका हैराण होतो की त्याला झटकेसुद्धा येतात, आणि औषधाचा डोस वजनावर ठरतो. एरवी उरलेल्या गोळ्या सगळ्या मजल्यांवर उदारपणे वाटणारे हे गृहस्थ. पण पेनिसिलीनच्या जातीचं औषध पोटात गेलं तर गिनी पिगच्या जिवावर बेततं हे कळल्यापासून गोळ्यांच्या खणाला कुलूप आहे. पुढे नायटा झाला तो दोघांनाही. त्वचारोगतज्ज्ञाला दंडावरचा गोल चट्टा दाखवताना “हा ऑस्करकडून आलाय,” असं त्यांनी घरातली वस्तू वारसाहक्काने मिळाल्याच्या थाटात सांगितलं.

आजोबांना स्वतःला मधुमेह आहे. रोज पायाचे तळवे बघत जा, असं त्यांना डॉक्टर दहा वर्षं सांगताहेत. टाचांना भेगा पडल्यात, अंगठ्याचं नख आत वळलंय. आजीने तेल पुढे केलं की म्हणतात, “अगं, माझ्या पायांना काय धाड भरलीय?”

त्यांच्याकडे जायचं झालं तर पेढे नेऊ नका, दोन ढोबळ्या मिरच्या न्या. आणि रविवारी सकाळी दहा ते अकरा बेल वाजवू नका. टॉर्च धरणाऱ्या सुनेची ही कळकळीची विनंती आहे.