एक्स्पोर्टबापू

पंगतीत पापड वाढला की माणसं खातात. एक्स्पोर्टबापू तो उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "एकोणीस शून्य पाच." बेदाणा "शून्य आठ शून्य सहा", हळद "शून्य नऊ दहा", गूळ "सतरा शून्य एक". कस्टमच्या दफ्तरी यच्चयावत वस्तूंना असा एचएस कोड असतो आणि बापूंना तो जावयाच्या नावापेक्षा पक्का पाठ आहे. परवा नवरदेवाच्या कोल्हापुरी चपलांकडे बोट करून "चॅप्टर चौसष्ट!" म्हणाले. करवल्यांना वाटलं, चपला पळवायचा इशारा झाला.

बापू मूळचे न्हावाशेव्याला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटाकडे, कागद फिरवायचे. निवृत्त होऊन सांगलीला आले ते गावचा माल गावात विकूच द्यायचा नाही, असा पण करून.

त्यांच्या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाचा भाचा दुबईला असतो.

"गिऱ्हाईक घरचंच आहे, बापू."

"भाचा पैसे आधी देणार, की मामा म्हणून नंतर?"

इथे निम्मे गळतात. उरलेल्यांचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, निघतो. ते काही अवघड नाही. पॅन, बँक खातं आणि ५०० रुपये, सगळं ऑनलाइन. त्याच संध्याकाळी गडी व्हिजिटिंग कार्डावर 'एक्स्पोर्टर' छापून मोकळा होतो. मग बापू खरी यादी काढतात. हळद असेल तर मसाला मंडळाकडे नोंदणी, बेदाणा असेल तर शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाकडे. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक, बंदरावर नोंदवा. एलयूटी, म्हणजे कर न भरता माल पाठवण्याचं हमीपत्र, भरा, नाहीतर जीएसटी आधी भरून परताव्याची वाट बघा.

पण बापूंचं खरं रूप बघायचं तर त्यांच्यासमोर इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट शेजारी शेजारी ठेवावी. चष्मा कपाळावर जातो, लाल पेन बाहेर येतं.

"इथे चाळीस पोती, तिथे एकेचाळीस. हे एकेचाळिसावं कुठून आलं?"

"ते सॅम्पलचं, बापू. फुकट आहे."

"फुकट असो की सोन्याचं, कागदावर दिसलं पाहिजे. कस्टमला बेरीज कळते, प्रेम कळत नाही."

मग लाकडी पॅलेट. त्यावर उष्णताप्रक्रियेचा शिक्का आहे का, हे बापू वाकून, बोट फिरवून बघतात. हळद एक नंबर निघायची आणि खालच्या फळकुटापायी सगळा माल परदेशी बंदरावर अडकायचा, ही त्यांची कायमची धास्ती.

एसी हॉलमध्ये 'घरबसल्या डॉलर कमवा' शिकवणारे निराळे. ते फी घेऊन सगळ्यांना निर्यातदार करतात. बापू चहावर काम करतात आणि बहुतेकांना "आधी पुण्या-मुंबईत विकून दाखव" म्हणून परत पाठवतात. माणूस कंटाळवाणा आहे, यात वाद नाही. पण त्यांच्या लाल पेनातून सुटलेला कागद बंदरावर सहसा अडत नाही.

तुमच्याकडे आयईसी असेल तर एक सांगून ठेवतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो. काही बदललं नसेल तर 'बदललं नाही' एवढं तरी कळवावं लागतं, नाहीतर तो बंद पडतो. त्या तीन महिन्यांत बापू रस्त्यात भेटले तर नमस्काराआधी "केलं, बापू" म्हणा, म्हणजे लवकर सुटाल.