पेस्ट करण्यास सक्त मनाई आहे

आपल्या बँकेचा आपल्यावर किती जीव आहे हे पाहायचं असेल, तर तिच्या संकेतस्थळावर पासवर्डच्या चौकटीत काहीतरी पेस्ट करून बघा. होणार नाही. माऊसचं उजवं बटण दाबा, 'सुरक्षेच्या कारणास्तव ही सुविधा बंद आहे' अशी पाटी झळकेल. ब्राउझर बिचारा 'पासवर्ड सेव्ह करू का?' एवढं विचारायला जातो, तर संकेतस्थळ त्याला डोळे वटारून गप्प बसवतं. मग पडद्यावर एक कीबोर्ड उगवतो. त्यातली अक्षरं दर वेळी जागा बदलतात. खातेदार चष्मा पुसत 'क्यू' शोधत बसतो, आणि तो सापडेपर्यंत 'तुमचं सेशन संपलं आहे'.

पासवर्ड कसा असावा, याचीही आचारसंहिता आहे. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, पण चिन्ह आम्ही सांगू तेच. तीन महिन्यांनी तो बदलायचा आणि मागचे चार-पाच पुन्हा वापरायचे नाहीत. भाविक जनतेनं यावर केव्हाच तोडगा काढला आहे. 'गणपती@१'ची मुदत संपली की 'गणपती@२'. मूर्ती तीच, आकडा पुढचा. हे नियम ज्या अमेरिकी सरकारी दस्तऐवजातून जगभर पसरले, तो २००३ साली बिल बर नावाच्या गृहस्थांनी लिहिला होता. निवृत्तीनंतर, २०१७ साली, आपण सांगितलेल्यापैकी बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो, असं त्यांनी एका वृत्तपत्राला मोकळेपणानं सांगितलं. त्याच वर्षी त्यांच्या जुन्या संस्थेनं, म्हणजे 'निस्ट'नं, नियम बदलले: उगाच ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका आणि लोकांना पेस्ट करू द्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानंही तेव्हाच 'पेस्ट करू द्या हो' अशी जाहीर विनवणी केली. आपल्याकडे नियम येतात विमानानं, दुरुस्त्या बैलगाडीनं.

मुळात या मनाईला एके काळी अर्थ होता. १९९९ साली मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत चौकटी आपोआप भरण्याची सोय आणली, आणि सोबत संकेतस्थळांच्या हाती 'ऑटोकम्प्लीट ऑफ' हा नकाराधिकार दिला. तो काळ सायबर कॅफेचा. प्लायवूडच्या खुराड्यात तासावर पैसे मोजून बसायचं, आपण उठलो की पुढचं गिऱ्हाईक त्याच खुर्चीत. तिथे आपला पासवर्ड मागे राहणं म्हणजे पाकीट विसरण्यासारखंच. पुढे कॅफे बंद पडले, त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारे आले, संगणक घरी आला, मग खिशात आला. मनाई मात्र राहिली, कारण ती कुणी लावली हे आता कुणालाच आठवत नाही. शिवाय सुरक्षा तपासणीच्या सॉफ्टवेअरला ही चौकट मोकळी दिसली की अहवालात एक ओळ उमटते. साहेबांना अहवालात ओळ नको असते. खातेदार डायरीत काय लिहितो, याचा रकाना अहवालात नसतो.

शेवटी ब्राउझरांनीच बंड केलं. २०१३ साली इंटरनेट एक्सप्लोररनं, २०१४ साली क्रोमनं आणि २०१५ साली फायरफॉक्सनं ठरवलं, की पासवर्डच्या बाबतीत 'ऑफ' म्हटलेलं ऐकू आलं नाही असं समजायचं. पासवर्ड जपायचा की नाही, हे वापरणाऱ्यानं ठरवावं. झालं, संकेतस्थळं गनिमी काव्यावर उतरली. कुणी पासवर्डची चौकट साध्या मजकुराची करून वरून नुसते ठिपके रंगवले. कुणी ब्राउझरला चकवायला खोट्या चौकटी लपवून ठेवल्या. आता खातेदाराच्या बाजूनं घरोघरी एक भाचा लढतो. तो एफ-१२ दाबतो, पडद्याच्या कडेला पानाची कुंडली उघडते, तिथे तो 'ऑफ'चं 'ऑन' करतो, पेस्ट अडवणारा शब्द खोडतो आणि चहा पिऊन जातो. पान पुन्हा उघडलं की कुंडली पूर्ववत. भाच्याला पुन्हा फोन.

या सगळ्यात खरी गंमत चोरांची आहे. ब्राउझर किंवा पासवर्ड मॅनेजर पासवर्ड जपतो तो पत्त्यासकट. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून भामट्यानं हुबेहूब पान उभं केलं, तर आपण लोगो पाहून हात जोडतो. ब्राउझर पत्ता पाहतो आणि ढिम्म हलत नाही. म्हणजे घरातला जो एकमेव पहारेकरी नकली पान ओळखू शकतो, त्यालाच असली बँकेनं दारातून हाकललं. उलट भामट्याचं पान किती अगत्यशील! पेस्ट चालतं, सेव्ह चालतं, कॅप्चा नाही, कीबोर्ड नाचत नाही. ग्राहकसेवा म्हणजे काय, हे शिकायला बँकांनी तिथे माणसं पाठवायला हरकत नाही.

ब्राउझर म्हणजे सोवळ्यातली तिजोरी नव्हे, हेही खरं. संगणकाला कुलूप नसेल, किंवा ऑफिसात एकाच यंत्रावर पाच जण बसत असतील, तर तिथे सेव्ह करू नये. चोरटं सॉफ्टवेअर शिरलं तर ते आधी तिथेच हात घालतं. पण मग पर्याय काय उरतो? आमच्या शेजारच्या निवृत्त काकांचे सगळे पासवर्ड एलआयसीच्या जुन्या डायरीत आहेत, ठळक अक्षरांत, आणि पहिल्या पानावर 'गोपनीय' असं लाल शाईनं लिहून खाली दुहेरी रेघ. डायरी टीव्हीखाली असते. कामवाल्या मावशींना ठाऊक आहे, कारण सापडत नसली की शोधून त्याच देतात.

मध्यंतरी रिझर्व्ह बँकेनं एक शहाणपणाचं काम केलं. भामट्यांना मिळू शकणार नाही असा 'बँक डॉट इन' हा पत्ता सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत घ्यायला लावला. काका नव्या पत्त्यावर गेले. ब्राउझरनं अर्थातच ओळख दाखवली नाही. नवा पत्ता, त्याचं काय चुकलं? काकांनी शाखेत फोन लावला.

"हे पान आपलंच का हो?"

"आपलंच."

"नक्की? इथे पेस्ट होतंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मॅनेजरसाहेब म्हणाले, "काका, प्लीज कुणाला सांगू नका. ऑडिट सोमवारी आहे."