आधी कोण निजणार?
सगळे सर्व्हर एकाच क्लस्टरवर आणून खर्च वाचवला, त्याबद्दल टाळ्याही घेतल्या. आता वीजदुरुस्तीसाठी तो बंद करायचा आहे. व्हीएमवेअरच्या व्हीसॅनमध्ये क्रम ठरलेला: आधी व्हर्च्युअल मशीन, मग डेटाची फेरजुळणी संपल्याची खात्री, मग होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये, तेही डेटा न हलवता. हलवणार तरी कुठे म्हणा, सगळेच निजणार!

खरी गोची व्हीसेंटरची. बंदचा हुकूम देणारे हे साहेब बहुधा त्याच क्लस्टरवर बिऱ्हाडाला. म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. व्हीसॅन 7.0 अपडेट 3 पासून यासाठी बटणच आले. साहेब निजले की उरलेली निरवानिरव एक होस्ट उरकतो.

करमणूक पुढे, चालू करताना. होस्ट उठतात, पण नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस आतच घोरतोय. रूट पासवर्ड व्हॉल्टमध्ये. व्हॉल्ट त्याच क्लस्टरवर. आणि कुठल्या क्रमाने काय उठवायचे, ती पीडीएफ? फाइल सर्व्हरवर, अगदी सुरक्षित! तिची छापील प्रत काढायची सूचना आली होती. कागद वाचवण्याच्या धोरणात बसली नाही.